प्लाझ्मातला पाठमोरा

प्लाझ्मा घ्यायचा की एलसीडी, यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी पुढे माझ्या लग्नावरूनही झाली नाहीत. आणि लग्नावरून काही कमी झाली नव्हती.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. चंद्रपूरला वीज केंद्राच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. बाबा स्विचयार्डात शिफ्टवर असत. उरलेला महाराष्ट्र भारनियमनानं घामाघूम व्हायचा तेव्हा आमच्याकडे पंखे गरगरत असायचे. त्या बदल्यात चिमणीची राख यायची. आई दोरीवरचे कपडे आधी झटकायची, मग आत आणायची, आणि तरी उशीच्या अभ्र्यावर ती बारीक करडी भुकटी सापडायचीच. आपल्याकडे वीज कधी जात नाही, याचं आम्हाला भारी कौतुक होतं. पुढे जे झालं ते वीज गेली नाही म्हणूनच झालं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला सिकल होता. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही, दर दोन-चार घरांमागे कुणीतरी असतंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात, आणि मग हाडांतून अशी कळ उठते की धडधाकट माणूस गुरासारखा ओरडेल. दादा ओरडत नसे. तो उशी चावायचा. थंडी लागली की दुखणं, वारं लागलं की दुखणं, पाणी कमी प्यायला की दुखणं. कॉलेज त्याचं दुसऱ्या वर्षाला सुटलं. शाळेत असताना एकदा तो बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून आलापल्लीला एका लग्नाला गेला होता. परत आला तो तापानं फणफणत आणि गुडघे सुजवून. दवाखान्यात आठवडा गेला. पण त्याला विचाराल तर तो दवाखान्याचं बोलायचाच नाही. आष्टीचा पूल, खाली वैनगंगा, पूल ओलांडला की सागाचं जंगल, आणि दोन्ही बाजूंनी झाडं कशी मागे पळत होती, एवढंच सांगायचा. त्यानंतर आईनं त्याला मोटरसायकलवर बसू दिलं नाही. चालवणं तर दूरच, अंगणात उभ्या गाडीवर बसला तरी ती आतून ओरडायची.

नागपूरच्या मामेभावानं आपला वापरून जुना झालेला गेमचा डबा त्याला दिला तेव्हा म्हणूनच आईला बरं वाटलं. पोरगा घरात राहील. डब्यात मोटरसायकलच्या शर्यतीचा गेम होता. रस्ता कुठल्यातरी परदेशातला, झाडंही तिकडची, पण दादानं त्याचं सगळं बारसं नव्यानं करून टाकलं होतं. पांघरूण गुंडाळून सतरंजीवर बसायचा, वायरचा तो रिमोट हातात घ्यायचा, आणि बोलत बोलत गाडी हाकायचा.

"गोंडपिपरी गेली. आता आष्टी येऊन राह्यली. पूल पाहजो, पूल."

गेममध्ये खरंच एक लांब पूल होता, खाली नदी होती. पूल ओलांडला की झाडी, आणि झाडी संपली की शर्यत संपायची. तिथे त्याची आलापल्ली. पोचला की त्याचा गाडीवाला दोन्ही हात वर करायचा. गाडीवाला कायम आपल्याकडे पाठ करून. दादानं त्याला पांढरं जाकीट घातलं होतं, दुरून दिसावं म्हणून. मी म्हणायचे, "दादा, याचं तोंड कधी दिसते का?" तो म्हणायचा, "तोंड पाहून काय करतं? तोंड माझं आहे नं."

आमचा जुना टीव्ही हिरवा पडला आणि मग ही भांडणं सुरू झाली. दादा हट्टाला पेटला की प्लाझ्माच पाहिजे. बाबांचं म्हणणं, प्लाझ्मा म्हणजे दिवसभर इस्त्री चालू ठेवणं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घरात आणखी एक शेगडी कुणी मागितली आहे? मीही एलसीडीच्या बाजूची. आमच्या बैठकीची खिडकी पश्चिमेला, दुपारी सगळं ऊन समोरच्या भिंतीवर, आणि प्लाझ्माची काच आरशासारखी चमकते हे मी मैत्रिणीच्या घरी पाहून आले होते. मला गेमचं काही पडलेलं नव्हतं, पण वादात मागे राहायचा माझा स्वभाव नाही. आई म्हणायची, "ज्याच्यात आवाज चांगला येते तो घ्या." तिला कुणी विचारत नव्हतं.

शेवटी एका रविवारी आम्ही बाजारातल्या दुकानात गेलो. दादानं गेमचा डबा पिशवीत घालून बरोबर घेतला होता. दुकानदाराला म्हणाला, दोन्हीला लावून पाहू द्या. दुकानदारानं आधी तोंड वाकडं केलं, पण गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून वायरी जोडून दिल्या.

आधी एलसीडी. गाडी उभी होती तोवर चित्र झकास. गाडी सुटली तशी कडेची झाडं पसरली, ओल्या शाईवरून बोट फिरवावं तशी. दादा मान हलवत राहिला. मग तोच रस्ता प्लाझ्मावर. झाड न् झाड वेगळं दिसत होतं. काळा रंग खरोखर काळा. मला फरक दिसला, पण मी कबूल केलं नाही.

दुकानदार मात्र सरळ बोलला. "भाऊ, एलसीडीचं कसं आहे, त्याच्यावर काईच उरत नाई. प्लाझ्मा चित्र धरून ठेवते. एकच चित्र लय वेळ राह्यलं की त्याची छाप बसते. मंग सिरियल लावा का बातम्या लावा, मागं तेच दिसते."

"मी कुठी एक चित्र ठेवून राह्यलो?" दादा म्हणाला. "माझी गाडी तं पळतच असते."

"गाडी पळते, पन गाडीवाला तिथल्या तिथंच असते नं भाऊ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जिंकल्यासारखं. पण दुकानात एसी होता, आणि दादाचे हात एव्हाना गारठले होते. बोटं चोळत चोळत तो प्लाझ्माजवळ गेला आणि त्यानं दोन्ही तळवे टीव्हीच्या वरच्या कडेवर ठेवले, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे. तसाच उभा राहिला. मग वळून हसला.

"बाबा, हा गरम आहे."

बाबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. थोड्या वेळानं दुकानदाराला म्हणाले, "हाच द्या."

ती थंडी आमच्या घरातली सगळ्यात चांगली थंडी होती. दादाचं दुखणं थांबलं नव्हतं, पण तो खेळायचा, मधेच उठून टीव्हीवर हात शेकायचा, पुन्हा खेळायचा. आई त्याचे मोजे तिथे वाळत घालायची. दुपारचं ऊन येतं म्हणून त्यानं टीव्हीचा उजेड एकदम वर करून ठेवला होता. बाबा ड्यूटीवरून येऊन दारात उभे राहायचे, गाडी पुलापर्यंत आली की "हं, चालू दे" म्हणून आत जायचे. त्यांनी कधी पूर्ण शर्यत पाहिली नाही. त्यांच्या लेखी तो पोरखेळ होता, आणि त्यांना त्यातून लवकर सुटायचं असायचं.

पुढच्या वर्षी पौषात तो गेला.

दुपारची वेळ होती. मी मागे बसून परीक्षेचं वाचत होते. गाडी पुलाच्या तोंडाशी आली होती. एकाएकी त्यानं गेम थांबवला, रिमोट हळूच सतरंजीवर ठेवला आणि छातीला हात लावला. मी उठले तर म्हणाला, "रिमोटले हात नको लावू. मी आलोच." बाबा धावत आले, आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास थांबला. ज्याच्या हाडांत इतकी वर्षं कळा उठत होत्या तो शेवटी छातीच्या दुखण्यानं गेला, याचा मला डॉक्टरांवर, देवावर, सगळ्यांवर राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

घरी आणलं तेव्हा टीव्ही चालूच होता. पूल, खाली नदी, मधोमध पांढऱ्या जाकिटातला तो पाठमोरा, आणि वर कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांची एक ओळ. लोक आत येत होते, आई जमिनीवर बसली होती. बाबांनी बटणाकडे हात नेला तशी ती ओरडली.

"हात नोका लावू! तो बंद करून नाई गेला. थांबवून गेला."

आत्या मार्कंड्याजवळच्या गावाहून आली. बाबांची थोरली बहीण, घरातले सगळे विधी तिच्या शब्दावर चालत. आमच्याकडे माणूस जिथे शेवटचा श्वास घेतो तिथे दहा दिवस दिवा ठेवतात, तो विझू द्यायचा नसतो. दादानं श्वास सोडला दवाखान्यात. तिथे कोण दिवा ठेवू देईल? आत्यानं घरभर पाहिलं, सतरंजी पाहिली, त्यावरचा रिमोट पाहिला.

"जिथी बसत होता तिथी ठेवा," ती म्हणाली.

दिवा टीव्हीसमोर ठेवला. दिवा विझवायचा नाही तर टीव्हीही विझवायचा नाही, असं आईनं ठरवून टाकलं, आणि तिच्याशी वाद घालायची ताकद कुणात नव्हती. एका घरात दोन उजेड जळत राहिले. एकात आत्या तेल घालायची. दुसऱ्याला आमच्या वीज केंद्राची वीज होती, ती जाणारच नव्हती. आम्ही खोलीतून निघालो की मागोमाग दिवे बंद करणारे बाबा त्या दिवसांत एक अक्षर बोलले नाहीत. फक्त टीव्ही आणि गेमचा डबा त्यांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढला, मागून हवा खेळावी म्हणून.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं दिवा जरा बाजूला सरकवून त्याच्या जागी पीठ चाळून पसरलं, हातानं सपाट केलं, आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जी खूण उमटली असेल, पाखराचा पाय, सापाची रेघ, लेकराचं पाऊल, त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं. माझा यावर विश्वास नव्हता. तरी सकाळी आत्या टोपलीला हात घालत होती तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले होते.

पीठ जसंच्या तसं होतं. मुंगीसुद्धा चाललेली नव्हती.

बायका वाकून वाकून पाहत राहिल्या. कुणी म्हणालं, इकडून पाहा, काहीतरी आहे. काही नव्हतं. आई म्हणाली, "कुठीच नाई गेला का माझा लेक? काऊन नाई उमटला?" तो आवाज मला आजही ऐकवत नाही. आत्या टोपली हातात धरून पिठाकडेच पाहत होती.

नदीवर जायची वेळ झाली होती. अस्थी मार्कंड्याला वैनगंगेत सोडायच्या होत्या. बाबा पुढे झाले आणि त्यांनी गेमचा डबा बंद केला. या वेळी आईनं अडवलं नाही, तिचं लक्षच नव्हतं. डबा बंद झाला तसा टीव्हीचा पडदा निळा झाला, डबा जोडलेला नसला की व्हायचा तसा, नुसता कोरा निळा.

कोरा नव्हता. मधोमध तो होता. पांढऱ्या जाकिटाची जागा आता काळपट झाली होती, पाठ, खांदे, थोडी खाली घातलेली मान, सगळं सावलीसारखं. वरची अक्षरंही होती. पण अक्षरांकडे कुणी पाहिलंच नाही.

आत्याच्या हातातली टोपली खाली पडली. आई गुडघ्यांवर रांगत पुढे गेली आणि तिनं काचेवर हात ठेवला.

"इथी उमटला," ती म्हणाली. "मायबाई, इथी उमटला."

दुकानदारानं काय सांगितलं होतं ते मला लख्ख आठवत होतं. बाबांनाही आठवत असणार, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही गप्प बसलो. त्या क्षणी जो माणूस आईला म्हणाला असता की हा टीव्हीचा दोष आहे, त्याला मी घराबाहेर काढलं असतं.

पण मग वर्ष उलटलं, आणि ते गप्प बसणं मला जड जायला लागलं. टीव्ही लावला की तो दिसायचा. सिरियलमधली नवरी माप ओलांडायची आणि तिच्या शालूवर त्याची पाठ. बातम्या सांगणाऱ्याच्या छातीवर त्याची पाठ. आभाळ दाखवलं, भिंत दाखवली, की तो अगदी स्पष्ट. आई रोज सकाळी आंघोळ झाली की नुसता निळा पडदा लावून पाहायची आणि उदबत्ती ओवाळायची. "आज वरणफळं केली," असं त्याला सांगायची. ती वसाहतीच्या फाटकाबाहेर जाईना. माहेरी लग्न निघालं, गेली नाही. "पोरगा घरी एकटा आहे" म्हणाली. मला भीती वाटायची. मला त्याची भीती वाटत नव्हती, दादाची काय भीती. त्याच्यापायी आई जिवंतपणी त्या खोलीत बंद होऊन बसेल, याची वाटायची.

एक दिवस मी त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, पांढरा पडदा काही दिवस लावून ठेवा, धुऊन निघेल. किंवा काही करू नका, नुसता टीव्ही पाहत राहा, सगळीकडून सारखा झिजेल आणि डाग आपोआप जाईल. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मले माहीत आहे. आपोआपच जाऊ दे. तुह्या आईले धक्का नोको."

मलाही ते पटलं. हळूहळू फिकट होईल, हळूहळू आईही सुटेल. मी नागपूरला नोकरीवर रुजू झाले. पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा तो खरोखरच पुसट झाला होता, खांदे कुठे संपतात ते कळत नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. होळीला आले तर पहिल्यासारखा काळा. पुढच्या दिवाळीलाही तसाच.

घोडं कुठे अडतंय ते मला कळेना. मी आईवर संशय घेतला.

"आई, तू तो गेम लावतं का?"

"मले तो डबा लावता येते का?" आई भाजी निवडत म्हणाली. तिनं मान वर केली नाही, आणि खोटंही बोलली नाही, हे मला नंतर समजलं.

माझा तोल सुटत चालला होता. मी पगारातून एक एलसीडी ठरवला. येत्या शिवरात्रीला जायचं, प्लाझ्मा उचलायचा, आई रडेल तर रडू दे. तसं मी फोनवर आईला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "मी शिवरात्रीले मार्कंड्याले जाऊन राह्यली, आत्यासंग. जत्रेले."

माझा विश्वास बसेना. जी बाई फाटकाबाहेर पडत नव्हती ती जत्रेला?

"तू ये पन," ती म्हणाली. "दुपारी ये. मागच्या दारानं येजो. बेल नोको वाजवू."

मी गेले. मागचं दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून बैठकीत पाय ठेवणार तोच गाडीचा आवाज ऐकू आला. तीन वर्षांनी ऐकला तो आवाज. मी भिंतीला हात टेकला आणि आत पाहिलं.

सतरंजीवर बाबा बसले होते. चष्मा नाकावर घसरलेला, जाड बोटांत तो वायरचा रिमोट, जीभ दातांत धरलेली. पडद्यावर पांढऱ्या जाकिटातला पाठमोरा गाडी हाकत होता, मधूनच कठड्याला घासत, मधूनच रस्त्याबाहेर जात. बाबा पुटपुटत होते, "सरळ, सरळ." पुलाचं तोंड आलं. त्यांनी गाडी हळू केली, नीट मधोमध आणली, आणि थांबवली. मग रिमोट सतरंजीवर ठेवला. हळूच ठेवला.

पडद्यावर तेच चित्र. तो दिवस जसा होता तसा.

"बाबा."

ते दचकले नाहीत. बहुतेक थकले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पुसून चालला होता बाई. तुही आई रोज सकाळी पाहते. एखाद्या दिवशी नाई दिसला तं ती काय करन?"

म्हणजे दुपारी आई झोपली की हे चालू. एलसीडीसाठी भांडणारे, गेमला पोरखेळ म्हणणारे बाबा. इतकी वर्षं मी आईची काळजी करत होते, आणि घरातला पछाडलेला माणूस कोण आहे हे मला दिसलंच नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा, आईले माहीत आहे. तिनंच मले मागच्या दारानं बोलावलं."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माहीत आहे?" ते म्हणाले. "मंग ती रोज काऊन पाहते?"

मला उत्तर कळलं होतं. ती सकाळी पाहायची ते बाबांचं आदल्या दुपारचं काम. तिच्या नवऱ्यानं काल हे केलं, म्हणजे त्याला आज उठायला काहीतरी कारण आहे. "तुमच्यासाठी," एवढंच मी म्हणाले.

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं नुसता पुसत राहिले. डोळे पुसले नाहीत. बऱ्याच वेळानं पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हा पूल ओलांडता येते का? का इथीच संपते?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग आठवलं, ते दारात उभे राहून पुलापर्यंतच पाहायचे. नंतरही कधी पुलाच्या पुढे गेले नव्हते, कारण दादा जिथे थांबला तिथेच त्यांना थांबायचं होतं. आपल्या पोराचा रस्ता पुलाच्या अलीकडेच संपतो, असंच हा माणूस इतकी वर्षं धरून बसला होता.

"ओलांडता येते," मी म्हणाले. "पलीकडं झाडी आहे. मंग आलापल्ली. शर्यत संपते त्या जागेलेच तो आलापल्ली म्हने."

"तो जात होता तिथवर?"

"रोज जात होता, बाबा. दिवसातून कितींदा. पोचला का दोन्ही हात वर करे."

बाबा रडले. दादा गेला तेव्हा नाही, दहाव्याला नाही, नदीवर नाही, तेव्हा रडले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. मी त्यांना रडू दिलं. मग रिमोट उचलून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी गाडी सोडली. पुलावर दोनदा कठड्याला धडकले. खाली नदी गेली. पूल संपला आणि झाडी आली, एकेक झाड वेगळं, मागे पळणारं. बाबा तोंड उघडं टाकून बघत होते. शेवटी गाडी थांबली आणि त्या पाठमोऱ्यानं दोन्ही हात वर केले.

"आली," मी म्हणाले. "आलापल्ली."

संध्याकाळी आई जत्रेतून आली. बत्तासे आणले होते. तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चहा ठेवायला आत गेली. एलसीडीचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही.

त्यानंतर बाबांनी गाडी पुलावर कधी थांबवली नाही. आई रोज सकाळी पाहत राहिली, तो रोज थोडा थोडा पुसत राहिला. आधी अक्षरं गेली, मग हात, मग मान. खांदे पुष्कळ दिवस राहिले. मग एका सकाळी नागपूरला माझा फोन वाजला.

"आज नाई दिसला," आई म्हणाली. आवाज साधाच होता. मागे बाबा खोकत होते. मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुह्याकडं पाह्यजो बरं. तिकडं दिसते का?"

त्यांच्यासाठी ठरवलेला एलसीडी शेवटी माझ्याच खोलीत लागला होता. तिच्या शब्दाखातर मी तो लावला. निळा पडदा आला. मी जवळ गेले, बाजूनं पाहिलं, दिवा बंद करून पाहिलं. आई फोनवर वाट पाहत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी वरच्या कडेवर हात ठेवून पाहिला. गार होता.

"नाई दिसत, आई," मी म्हणाले.

आजही कधी घरी एकटी असले की मी तो निळा पडदा लावते आणि समोर बसते. दुकानदार खरं बोलला होता. एलसीडीवर काहीच उरत नाही.